शंभराला एक

लाडू अर्धा केल्याशिवाय आमचे सर खात नसत. लग्नाच्या पंगतीत बुंदीचा लाडू पानात पडला की ते खिशातून ब्लेडचं अर्धं पातं काढायचे, लाडवाचे बरोबर दोन भाग करायचे, कापलेली बाजू उजेडाकडे धरायचे आणि शेजारच्याला सांगायचे, "भरीव हाय. खा." शेजारचा तोवर खाऊन मोकळा झालेला असायचा. एकदा नवरीच्या मामाने काळजीने विचारलं की लाडवात काही निघालं का. सर म्हणाले, "निघालं न्हाई म्हणूनच खाऊन राह्यलो."

नवीन जालन्यात स्टेशनकडून बाजाराकडे जाताना मोटारपंपांचं एक दुकान होतं आणि दुकानाच्या वर आमचा कॅडचा क्लास. कॅड म्हणजे यंत्राचे भाग कॉम्प्युटरवर उभे करायची विद्या. कागदावर आकृती सपाट असते. ती पडद्यावर काढायची, तिला जाडी द्यायची, भोकं पाडायची आणि चारी बाजूंनी फिरवून पाहायची. नवं शतक नुकतंच लागलं होतं. तीन कॉम्प्युटर होते, अकरा विद्यार्थी होते आणि दिवसातले सहा तास वीज नव्हती. दुकान शेठचं, क्लासही शेठचाच. वरची खोली रिकामी पडली होती आणि बियाणे कंपन्यांच्या साहेबांसमोर "आपलं कॉम्प्युटरचंबी हाय" म्हणायला बरं वाटतं, एवढ्या भांडवलावर त्यांनी पुण्याच्या एका संस्थेची पाटी आणून लावली होती. शिकवायला माणूस मिळेना, तेव्हा सर मिळाले.

सर मूळचे वाटूरचे. बावीस वर्षं एका फाउंड्रीत लाकडाचे पॅटर्न करायचे. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तसाच लाकडाचा करावा लागतो, तो वाळूत दाबून पोकळी करतात आणि त्या पोकळीत रस ओततात. ते लाकडाचं काम सरांकडे होतं. फाउंड्रीने ते खातंच बंद केलं तेव्हा सर पन्नाशीला टेकले होते. दुसरा कुणी असता तर दारं-खिडक्या करत बसला असता. सर औरंगाबादला जाऊन कॅड शिकून आले. का, असं विचारलं की म्हणायचे, "लाकूड बंद झालं. आकार कुठं बंद झाला?"

शेठ त्यांना मिस्तरी म्हणायचे, आम्ही सर म्हणायचो. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी सर म्हणत होतं आणि ते त्यांना फार आवडायचं. इतकं की पहिल्या हाकेला ते मुद्दाम वळायचे नाहीत, दुसरी हाक यावी म्हणून थांबायचे. गावात सुतार-मिस्तरी चिकार आहेत, पण सर मी एकटाच, असं ते एकदा बोलून गेले होते.

मी हे मजेत सांगतो आहे खरा, पण पुढे सरांची ती खुर्ची गेली आणि ती जाण्यात माझा हात होता. ते यथावकाश येईलच. आधी मजेतलं सांगतो, कारण ते पुष्कळ आहे.

पहिले पंधरा दिवस त्यांनी आम्हाला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. प्रत्येकाने घरून एक बटाटा आणि एक ब्लेड आणायचं. बटाट्याचा आधी चौकोनी ठोकळा करायचा, मग त्यातून सर सांगतील तो भाग कोरायचा. कोरून झाला की डोळे मिटून तो हातात फिरवायचा आणि किती कडा आहेत, किती पृष्ठं आहेत ते सांगायचं. चुकलं की दुसरा बटाटा. तिसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील जिना चढून वर आले. ते झेडपीच्या शाळेत मास्तर होते. म्हणाले, "पोराला कॉम्प्युटरला घातलं का भाजी चिरायला?" सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि हातात बटाटा दिला. तासाभराने मास्तर उठले तेव्हा त्यांच्या षट्कोनी नटाला सात बाजू झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ते स्वतःचा बटाटा घेऊन आले.

सरांच्या मते जगातली प्रत्येक वस्तू दोनच प्रकारे होते. एक तर ती ओढलेली असते, नाहीतर फिरवलेली असते. उरलेलं सगळं कापाकापी आणि जोडाजोडी. पडद्यावर सपाट आकृती काढून तिला जाडी देतात त्याला एक्स्ट्रूड म्हणतात. हा शब्द शिकवायला त्यांनी घरून पितळेचा सोऱ्या आणि बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मळून दिलेलं पीठ आणलं होतं. सोऱ्याला आधी शेवेची जाळी लावून दाबलं, मग चकलीची. "जाळी म्हंजे तुमचं स्केच. दाबलं ते एक्स्ट्रूड. जितकं दाबसाल तितकी लांबी. झालं, ह्याच्या पल्याड त्यात काई न्हाई." मग त्यांनी एका बाजूला फाटलेली जाळी लावली. पीठ फाटक्या बाजूने भलतीकडेच निघालं. "रेघ बंद न्हाई केली तर मशीन तुमाला असंच दाखविल. मंग मला इचारू नका, सर, सॉलिड कामून होईना." पुढे मी पुण्याच्या साहेबांकडून हाच धडा इंग्रजीत दीड तास ऐकला. मनातल्या मनात मी पूर्ण वेळ पीठच पाहत होतो.

वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते हे यायलाच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. त्यासाठी ते आम्हाला गॅलरीत उभं करून खालच्या रस्त्यावरच्या माणसांचा वरून दिसणारा आकार काढायला लावायचे. स्वतः त्यांना सगळं नवीन जालना वरून ओळखू यायचं. "पोस्टमन आला," असं ते नुसतं टक्कल पाहून सांगायचे. शेठ वरून गोल आणि बाजूने चौकोनी आहेत, समोरून मात्र त्यांचं काही नक्की नाही, असं त्यांनी शेठसमोरच सांगितलं होतं. शेठना ते कौतुक वाटलं.

केलेलं काम एका बटणात मागे घेता येतं, ही कॉम्प्युटरची सोय त्यांना अजिबात मंजूर नव्हती. लाकडाला तसली सोय नसते. एकदा पटाशी लागली की लागली. म्हणून तिन्ही कीबोर्डांवरचं झेडचं बटण त्यांनी चिकटपट्टी लावून बंद केलं होतं, कारण मागे जायचा रस्ता त्या बटणातून जातो. आम्हाला झेडवाचून काही अडलं नाही. आमच्यात झाकीर नावाचा एक मुलगा होता, त्याच्या फायलींना मात्र वर्षभर पहिलं अक्षर नव्हतं.

शिकवताना सर स्वतः क्वचितच माऊस धरायचे. मागे हात बांधून उभे राहायचे आणि आम्ही मॉडेल फिरवलं की त्याच्याबरोबर स्वतःही वाकायचे. खालची बाजू वर आणली की जवळजवळ गुडघ्यांवर यायचे. झाकीर कधी कधी उगाच फिरवत राहायचा.

आता माझं. मी वडीगोद्रीचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली होती आणि मी रोज सकाळी जीपने जालन्याला येऊन संध्याकाळी परत जात होतो. वडिलांनी कधी एका शब्दाने टोचलं नाही. मी जीपमध्ये चढताना ते फक्त विचारायचे, "आज काय हाय?" दोन वर्षं मी रोज काहीतरी वेगळं उत्तर शोधत होतो. क्लासमध्ये माझा हात सगळ्यांत साफ होता. सर इतरांसमोर म्हणायचे, "ह्याचं काम झाकून पाहा नाहीतर उघडून पाहा, सारखंच हाय." हे त्यांच्याकडून मिळणारं सगळ्यांत मोठं सर्टिफिकेट होतं. दुसऱ्या कुणाला ते मिळाल्याचं मला आठवत नाही.

मग पुण्याहून पत्र आलं. ज्यांनी पाटी दिली होती त्यांचं म्हणणं असं की यापुढे शिकवणाऱ्याने त्यांची परीक्षा पास केलेली पाहिजे. चाळीस मार्कांची थिअरी, इंग्रजीतून. साठ मार्कांचं प्रॅक्टिकल. त्यात आकृती बघून चार भाग पडद्यावर करायचे आणि मशीन दाखवील ते घनफळ लिहायचं. घनफळ जुळलं तर मार्क, नाही जुळलं तर काही नाही. नापास झाला तर शिकवता येणार नाही. चूक सुधारून सहा महिन्यांनी पुन्हा बसता येईल.

शेठने मला खाली दुकानात बोलावलं. म्हणाले, "तूबी बसून घे. मिस्तरी पास झाले तर उत्तमच. न्हाईतर वर कुणीतरी लागंलच ना." आणि गिऱ्हाईकाकडे वळले. एवढंच बोलणं झालं. पण जीपमध्ये बसून घरी जाताना मला ते "कुणीतरी" माझ्याच नावासारखं वाटायला लागलं होतं.

सरांना प्रॅक्टिकलची चिंता नव्हती, आम्हालाही नव्हती. चिंता होती ती इंग्रजीची. सर सातवी शिकलेले. त्यांनी आपली पद्धत काढली. सागाची एक दीड इंची फळी आणली. तिच्यावर पेन्सिलीने रोज वीस इंग्रजी शब्द लिहायचे, पुढे देवनागरीत उच्चार आणि अर्थ लिहायचा, दिवसभर घोकायचे आणि संध्याकाळी गॅलरीत बसून रंधा मारून फळी कोरी करायची. पुसण्यापेक्षा रंधा बरा, पुसलेलं डोक्यातूनही पुसलं जातं, असं त्यांचं म्हणणं. भुसा आणि सालपटं खाली शेठच्या नव्या पंपांवर पडायची. शेठ रोज वर बघून काहीतरी बोलायचे आणि सर रोज "वरून आलंय, ठेवून घ्या" म्हणायचे. आम्ही आळीपाळीने त्यांच्याकडून शब्द म्हणून घ्यायचो. परीक्षेपर्यंत फळी पाऊण इंचावर आली होती आणि सरांना आमच्यापेक्षा जास्त इंग्रजी यायला लागलं होतं.

परीक्षेला चार दिवस राहिले होते. दुपारी तीनला वीज आली, बाकीचे चहाला गेले होते. मी म्हटलं, "सर, एक आकृती तरी करून बघा." सर हो-नाही करत मशीनसमोर बसले. बेअरिंग बसवायच्या घराची आकृती होती. मला ती करायला वीस मिनिटं लागली होती, सरांनी बारा मिनिटांत केली. एकही रेघ पुसली नाही. तेवढ्यात शेठने खालून हाक मारली, कुठल्या तरी पंपाचा शाफ्ट दाखवायला, आणि सर उठून गेले.

मी घनफळ काढलं. पुस्तकाच्या मागे दिलेल्या उत्तरापेक्षा ते तीन टक्क्यांनी जास्त होतं. मला वाटलं माझंच बघायचं चुकलं असेल. मग मी एकेक माप उघडून पाहिलं. आकृतीत शंभर होतं तिथे सरांनी एकशे एक घातलं होतं. पन्नास होतं तिथे साडेपन्नास. वीसच्या जागी वीस पूर्णांक दोन. एकही माप सुटलं नव्हतं.

ते मला लगेच समजलं, कारण सरांनीच कधीतरी शिकवलं होतं. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, शंभराला एक या हिशेबाने. म्हणून लाकडाचा पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नवाल्यांकडे वेगळी पट्टी असते. तिच्यावर शंभर लिहिलेलं असतं आणि लांबी असते एकशे एक. सरांनी बावीस वर्षं दुसरी पट्टी वापरलीच नव्हती. आकृतीतला आकडा त्यांच्या डोळ्यांतून बोटांत उतरेपर्यंत त्यात ते एक आपोआप मिसळायचं. त्यांना त्याचा पत्ता नव्हता. आम्हालाही नव्हता, कारण त्यांना काम करताना आम्ही पाहिलंच नव्हतं, शिकवताना पाहिलं होतं.

मी फाइल बंद करायला गेलो. बदल जपून ठेवायचे का, असं मशीनने विचारलं. मी नाही म्हटलं.

सर वर आले. "बराबर आलं का?"

"आलं, सर."

माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता. मी स्वतःला समजावलं की अजून चार दिवस आहेत, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता काल का नाही सांगितलं ते सांगावं लागेल. तिसऱ्या दिवशी रविवार होता. चौथ्या दिवशी सर इतके खुशीत होते की बोलायला फटच मिळाली नाही, असं मी तेव्हा मानलं. खरं म्हणजे मी ती शोधली नाही.

परीक्षेला आम्ही दोघं एकाच एसटीने औरंगाबादला गेलो. बाईंनी माझ्याही वाटणीचे धपाटे दिले होते. सर म्हणाले, "थेरीचं काय सांगता येत न्हाई बाबा. पर प्रॅक्टिकलची फिकीर न्हाई. तू तपासलंय." मी धपाटा खात होतो. तो संपेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो. परीक्षेच्या खोलीत प्रॅक्टिकल सगळ्यांत आधी सरांचं संपलं. मी मान वर केली तेव्हा ते हाताची घडी घालून समाधानाने पडद्याकडे बघत होते.

आठ दिवसांनी निकाल आला. शेठने दुकानाच्या काउंटरवर कागद पसरला. मी पास होतो. सरांना थिअरीत चाळीसपैकी छत्तीस होते, मला एकतीस. त्यांच्या प्रॅक्टिकलच्या रकान्यात शून्य होतं. झाकीरला वाटलं छापायचं चुकलं, तो हसला. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं.

"शून्य कसं?" ते म्हणाले. "एखादं चुकू शकतं. चारीच्या चारी कसे चुकतील? ह्याला इचारा. यानं तपासल्तं माझं काम."

शेठने माझ्याकडे बघितलं. "काय रे?"

त्या क्षणी सगळं माझ्या हातात होतं. एक वाक्य पुरलं असतं. चूक कळली असती, सहा महिन्यांनी सर पुन्हा बसले असते आणि साठपैकी साठ घेऊन आले असते. शेठने तोवर गाडी कशीही ढकलली असती. मला वडिलांचं ते रोजचं विचारणं आठवलं. मी म्हटलं, "त्या दिवशी तर बरोबर आलं होतं."

"मंग तिथली मशीन खराब असंल," सर म्हणाले. त्यांनी माझ्यावर एका पळापुरताही संशय घेतला नाही.

शेठ वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मिस्तरी, पुन्हा बसा. सहा महिने हां हां म्हणता जातील. फक्त काय चुकलं ते शोधून काढा."

"चुकलंच न्हाई तर शोधू काय?" सर म्हणाले. "मशीन खराब हाय म्हणून मी पुन्हा परीक्षा देऊ? बिलकुल न्हाई." आणि ते सोऱ्या आणायला वर गेले. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून शेठला म्हणाले, "हा हाय ना. पोरांचं नुकसान व्हायचं न्हाई." सोमवारपासून मी त्यांच्या खुर्चीवर बसलो. वडिलांनी जीपपाशी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आजपासून शिकवायचंय." ते खूश झाले. मीही झालो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. कीबोर्डांवरच्या चिकटपट्ट्या मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकल्या.

दोन वर्षांनी मी वाटूरला गेलो. सर तोवर गावी परतले होते. फाट्यावर उतरून सरांचं घर कुठं, असं विचारलं तर कुणाला कळेना. मिस्तरींचं म्हटल्यावर लगेच दाखवलं. घरासमोरच्या पत्र्याखाली सर काम करत होते. जालन्यातल्या एका लहान फाउंड्रीचे पॅटर्न त्यांच्याकडे यायला लागले होते. मला बघून त्यांना आनंद झाला. पोरं काय करून राह्यलीत, वीज किती तास असते, शेठची तब्येत कशी, सगळं विचारलं. बाईंना चहा टाकायला सांगितलं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पट्टीचं सांगितलं, त्या दुपारचं सांगितलं, काउंटरपाशी काय बोललो तेही सांगितलं.

सर रंधा थांबवून ऐकत होते. मग म्हणाले, "किती जास्त येत व्हतं?"

"शंभराला एक."

"समद्या मापात?"

"समद्या, सर."

"कमी-जास्त कुठंच न्हाई?"

"कुठंच नाही."

क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे हात बराबर व्हता," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आन् तुला तवाच कळल्तं."

"हो."

त्यांनी रंधा पुन्हा उचलला. मी वाट पाहत होतो की ते काहीतरी बोलतील, शिव्या देतील, रंधा फेकतील. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. ते रंधा मारत राहिले आणि मी तिथेच उभा राहिलो. बाई चहा घेऊन आल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं, त्यांनी मला जेवूनच जा म्हणून आग्रह केला. सर म्हणाले, "त्याला जायचंय." मग बाई आत गेल्यावर, आवाज न चढवता, पहिल्या दिवशी मला बटाट्याच्या कडा मोजायला सांगताना बोलले होते तितक्याच सौम्यपणे म्हणाले, "चहा घे आन् जा. पुन्हा येऊ नको."

मी चहा घेतला आणि निघालो. आता मी त्या क्लासमध्येही नाही, कामाच्या निमित्ताने परतूरकडे जाणं-येणं असतं. एसटी वाटूर फाट्यावर दहा मिनिटं थांबते आणि सगळे चहाला खाली जातात. मी उतरत नाही.